पाचोळ्याचा धूर

गल्लीतले शिंपीबुवा इतके नीटनेटके, की लोक त्यांना टापटीपरावच म्हणायचे. सुताचा तुकडा जमिनीवर दिसला तरी त्यांना चैन पडायचं नाही. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. त्यापुढे अंगण, आणि अंगणाला लागून झाडांनी गच्च भरलेली टेकडी. पानगळ सुरू झाली की टेकडी आपला सगळा पाचोळा बिनदिक्कत त्यांच्या अंगणात धाडायची. टापटीपराव रोज सकाळी तो झाडून ढीग करायचे, काडी लावायचे आणि हात झटकून मशीनवर बसायचे. आपल्यापैकी कितीजण हेच करतात!

त्यांची बायको खिडकीशी बसून काजं-बटणं करायची. हल्ली तिचं बोलणं फारच कमी झालं होतं. काही विचारलं तर ‘हं’ नाहीतर ‘उंहू’. तिचं माहेरी जाणं कामाच्या गर्दीत राहून गेलं होतं. त्यावरूनच स्वारी फुरंगटली असणार, असं टापटीपरावांनी ठरवून टाकलं. मग तेही फुगले. एका खोलीत दोन माणसं, आणि आवाज फक्त मशीनचा.

अशात धाकटी मेहुणी भेटायला आली. जंगलात जाळीच्या पिशव्यांत पानं भरून ठेवायची आणि कुठली किती कुजली ते तपासायचं, हे तिचं काम. टापटीपराव तिला ‘पाचोळ्याची डॉक्टरीण’ म्हणून चिडवायचे. ती आली तेव्हा अंगणात ढीग धुमसत होता.

“ताई, किती वाळलीस गं!”

“अगं, काही नाही, जरा...” ताईचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. छातीवर हात ठेवून ती खोकत बसली.

“माझ्याशी अबोला आहे तिचा,” टापटीपराव मान न वळवताच म्हणाले.

ताईने मोठ्या कष्टाने श्वास घेतला. “अबोला कसला हो? रुसायलासुद्धा... दम लागतो.”

मशीन थांबलं. टापटीपरावांनी वळून पाहिलं. खिडकीतून धुराचा पट्टा सरळ तिच्या तोंडावर येत होता. रोज येत असणार! आणि आपण पाठ करून बसलेलो! ते धावत अंगणात गेले आणि भरलेली बादली त्यांनी ढिगावर ओतली.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. छाती धुराने धरली होती. औषधं चालतील, पण धूर बंद व्हायलाच हवा.

“बंद केला,” घरी आल्यावर टापटीपराव मेहुणीला म्हणाले, “पण या पाल्याचं करू काय? मागे खड्डा करून पाहिला. वर्ष उलटलं तरी पानं जशीच्या तशी!”

“कुठली टाकली होती?”

त्यांनी एक जाड, चामड्यासारखं पान उचलून दाखवलं.

“नुसती हीच? मग कशी कुजतील, भावोजी? यात तुरट टॅनिन असतं, आणि झाडाला ताठ ठेवणारं लिग्निन. बुरशीला, जंतूंना ते पचायला जड. ही शेंगांच्या झाडाची मऊ पानं बघा. यांत नायट्रोजन भरपूर, त्यामुळे ती लवकर कुजतात. दोन्ही मिसळा, ओल ठेवा. मऊ पानांवर पोसलेले जीव चिवट पानांनाही हात घालतील.”

“मग ही चिवट पानं हवीत तरी कशाला?”

“जंगलात मऊ पानं झाडांना लगेच खाऊ घालतात. चिवट पानं मागे राहून जमीन झाकतात, ओल धरतात. कुजायला वेळ लागतो म्हणून ती वाईट नसतात.”

“म्हणजे अस्तर!” टापटीपराव एकदम म्हणाले. कितीतरी दिवसांनी ताई हसली.

खड्ड्यात मिसळलेला पाला पडू लागला. पण शेजारचा बेकरीवालाही आपल्या दारचा पाला जाळायचा, तो धूर होताच. टापटीपराव त्याच्याकडे गेले.

“अहो, पाल्याचा तो केवढासा धूर!” तो म्हणाला.

“तेवढ्याशाच धुराने माझी बायको माझ्यासमोर गप्प होत गेली,” टापटीपराव म्हणाले, “आणि मी रुसवा समजून बसलो!”

बेकरीवाल्याने काडेपेटी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी पाल्याने भरलेली आपली पाटी त्यानेच खड्ड्यावर आणून ओतली. हळूहळू गल्लीतले बाकीचेही येऊ लागले.

पुढच्या पानगळीआधी खड्डा उकरला. मऊ पानांचा मागमूस नव्हता; जाड पानांच्या उरलेल्या शिरा बोटांत चुरत होत्या. ताईने मूठभर काळी माती हातात घेतली आणि कुठे काय लावायचं ते सांगत सुटली, एका दमात! गिऱ्हाईक दारात ताटकळलं, पण टापटीपराव तिचं बोलणं पुरं होईपर्यंत हलले नाहीत.

मंडळी, अंगण स्वच्छ हवंच. पण आपल्या स्वच्छतेचा धूर कोणाच्या छातीत जातो, तेही पाहायला हवं. पान जाळायला एक काडी पुरते. कुजायला वेळ लागतो. तेवढा वेळ पानाला द्या. आणि घरातलं कोणी गप्प झालं, तर कारण मनाशी ठरवू नका. जवळ बसा आणि विचारा!