मला दम लागत नाही

मी एक फुकटचा प्रोग्रॅम. कॉम्प्युटरवर सूर लिहायचे, खोडायचे, छापायचे आणि वाजवून दाखवायचे, हे माझं काम. बोलतोय खरा, पण मान खाली घालून.

मला घडवलं ते आपापली नोकरी सांभाळून राबणाऱ्या बिनपगारी माणसांनी. "वापरा, वाटा, आत डोकावून बघा," असं सांगून त्यांनी मला जगात सोडलं. इतक्या चांगल्या घरचा मी!

एका घड्याळजींनी मला उतरवून घेतलं. त्यांची मुलगी बासरी वाजवायची. वाद्यवृंदाची निवड तोंडावर आलेली, जागा एकच, आणि तिथे तिने आपली धून वाजवावी ही बापाची हौस. चिमट्याने चक्र बसवावं तसा एकेक सूर त्यांनी माझ्यात बसवला. मी सगळी धून एका दमात वाजवून दाखवली.

"अहो, पण पोरीने श्वास कुठे घ्यायचा?" बायकोने दारातूनच विचारलं.

"हा बघ की, अडतोय का कुठे?"

आणि मी मेला फुशारलो!

"बाबा, इथे जरा थांबू?" पोरीनेही विचारलं होतं.

"थांबलीस की धून मोडते गं. सराव वाढव."

मग ती रोज माझ्याबरोबर वाजवायची. मी पुढे, ती धापा टाकत मागे. श्वासाची खूण होती हो माझ्याकडे, स्वल्पविरामाएवढी, चिन्हांच्या यादीच्या तळाशी. पण मागितल्याशिवाय मी काही पुढे करत नाही.

निवडीच्या दिवशी चौथ्या ओळीत तिचा दम तुटला. बासरीतून नुसती हवा आली. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

"चूक माझीच, बाबा," ती घरी येऊन म्हणाली. "माझी छातीच कमी पडते."

अगं, तुझी नाही गं, माझी! पण मी लिहून दिलेलंच बोलतो.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी माझ्याबरोबर स्वतः गुणगुणायला बसले. तिसऱ्याच ओळीला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी हाक मारली, "ये गं. आता तू वाजव, मी ऐकतो."

ती जिथे जिथे श्वास घेई, तिथे ते एक खूण ठेवत गेले. एकवीस खुणा झाल्या.

बाबांनो, माझ्यात खुशाल सूर लिहा. पण जो वाजवणार, त्याला आधी विचारा. मला काय, दमच लागत नाही.

आता प्रत्येक खुणेशी मी थांबतो. वाद्यवृंदात जागा मात्र अजून निघालेली नाही.