खालचा सूर

शिंप्याला गाता येतं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मशीनच्या घरघरीत कुणाचंही गाणं गोडच लागतं म्हणा. मास्तर दिवसभर शिवत आणि गुणगुणत, मापं द्यायला आलेली माणसं "वा मास्तर!" करून जात, आणि मास्तर चांगलेच फुगले होते.

म्हणून संध्याकाळच्या गाण्याच्या वर्गात बाईंनी त्यांना टोकलं, तेव्हा ते फार झोंबलं. पेटीवरचा हात उचलून बाई म्हणाल्या, "मास्तर, आवाज कोंडतोय तुमचा. ओठ मिटून गाता. दातांत काही धरलंय का?"

धरलं काहीच नव्हतं. पण उभा जन्म टाचण्या ओठांत धरून गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलेला. तोंड उघडलं की टाचणी पडणार, हे जबड्याच्या हाडात मुरलं होतं. मास्तरांनी मग हट्टालाच पेटून मेहनत केली. रोज सकाळी दातांत रिकामं रीळ धरून आ लावायचा. "दात काढायला बसल्यासारखे दिसता," असं बायको म्हणायची. दिसेनात का! हळूहळू जबडा सुटला, नाकातला आवाज छातीत उतरला, शब्द मोकळे झाले. बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मास्तर त्या रात्री दोन घास जास्त जेवले.

वर्गात त्यांच्या शेजारी पोस्टातल्या ताई उभ्या राहायच्या. बारीक आवाजाच्या, जरा घाबरट. मागच्या वर्षी सगळे मिळून वरच्या सुरावर गेले की बाई पेटी थांबवायच्या आणि विचारायच्या, "त्या कोपऱ्यात कोण सुराच्या खाली राहतंय?" कोपऱ्यात दोघंच. मास्तरांना स्वतःबद्दल तिळभर शंका नव्हती. एकदा जिन्यात गाठून त्यांनी ताईंना सांगितलं, "राग मानू नका हं ताई, तुमच्या भल्यासाठीच सांगतो. तुम्ही नुसते ओठ हलवत जा. कुणाला कळायचं नाही."

ताईंचा चेहरा एवढासा झाला होता. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या आणि तेव्हापासून खरंच नुसते ओठ हलवू लागल्या. त्याच सुमारास बाईंनी खालच्या पट्टीतली गाणी बसवायला घेतली. चूक आपोआप बंद झाली आणि मास्तरांनी त्याचं श्रेय बिनदिक्कत स्वतःकडे घेतलं.

या वर्षीच्या कार्यक्रमासाठी पुन्हा उंच गाणं निघालं. पहिल्याच तालमीला सगळे वर गेले आणि बाईंनी पेटी थांबवली.

"ताई, पुन्हा खाली? वर्षभर काय केलंत?"

मास्तरांनी दचकून शेजारी पाहिलं. ताईंचा आवाज निघालेलाच नव्हता. हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. ताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तुम्ही जरा बाकावर बसून ऐका," बाई म्हणाल्या. ताई पर्स उचलून भिंतीशी जाऊन बसल्या.

पेटी पुन्हा सुरू झाली. वरचा सूर जवळ आला आणि मास्तरांचे ओठ मिटले. भीतीने मिटले असं त्यांनी नंतर स्वतःला समजावून पाहिलं, पण ते खोटं होतं. जाणूनबुजून मिटले होते. कोंडलेल्या आवाजात त्यांनी ती ओळ कशीबशी पुढे ढकलली.

"हं! आता कसं स्वच्छ आलं!" बाई खूश झाल्या.

बाकावर ताई रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवत होत्या. त्या आता निघणार आणि पुन्हा यायच्या नाहीत, हे मास्तरांना दिसत होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

"बाई, तो सूर माझा होता. ताई गातच नव्हत्या. मीच त्यांना गाऊ नका म्हणून सांगितलं होतं."

मागे कुणीतरी हसलं. बाईही हसल्या. "मास्तर, मोठं मन आहे हो तुमचं. पण दुसऱ्याची चूक अशी अंगावर घेऊ नये."

म्हणजे खरं बोलूनही वर कौतुकच पदरात पडलं! मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेटीची वाट न पाहता त्यांनी जबडा सोडला आणि एकट्याने ती ओळ गायली. आवाज खणखणीत निघाला, शब्दन् शब्द कळत होता. आयुष्यात ते इतके मोकळे कधी गायले नव्हते. आणि वरच्या सुराशी येऊन ते थेट त्याच्या खाली राहिले. इतके उघड, की पेटीची गरजच पडली नाही.

कुणी हसलं नाही. बाईंनी मान वळवून ताईंकडे पाहिलं. "मग ताई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"आज कळलं मला," ताई म्हणाल्या. "तोवर मला वाटायचं, माझंच चुकतं." मग त्या मास्तरांकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"घरी नात रोज हट्ट करते हो, आजी गाऊन निजव म्हणून. तिच्या कानाला वाईट सवय लागेल, म्हणून वर्षभर मी तिला नाहीच म्हणत आले."