अंतोनची बाटली

सुझानाकडून दोन गोष्टी आजवर कोणाला मिळाल्या नव्हत्या. एक, तिच्या बाटली मसाल्यात काय किती पडतं ते. आणि दुसरी, सासऱ्यांच्या कबरीत जागा. वर्तकनगरकडे फ्लॅट कोणालाही मिळतो, पण चर्चच्या मागे घराण्याची कायमची कबर आता मागूनही मिळत नाही. चुलतदिराने आपल्या आईचं नाव त्या कबरीवरच्या क्रूसावर घालू का म्हणून विचारलं, तर बाईंनी दोन वर्षं त्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. लोक पार्किंगची जागा राखतात तशी ही कबर राखते, असं तिचा नवरा वॉल्टर म्हणायचा, अर्थात ती ऐकणार नाही अशा बेताने.

त्यामुळे सुनेच्या माणसांची नावं त्या क्रूसावर घालायचं तिने आपण होऊन काढलं, तेव्हा वॉल्टरने आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

सून म्हणजे मलर. श्रीलंकेची, तमिळ, आणि सुझानाच्या सुदैवाने कॅथलिक. धाकटा मुलगा क्लेटन दुबईच्या हॉटेलात कामाला असताना तिच्यात अडकला आणि लग्न करून तिला ठाण्याला घेऊन आला. सुरुवातीला सासू-सुनेच्या चकमकी झाल्या त्या मसाल्यावरून. मे महिन्यात मिरच्या उन्हात घालून, भाजून, कुटून, बिअरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरलेला सुझानाचा मसाला म्हणजे गावठाणाचा अभिमान. मलरने तो चाखला, जरा विचार केला आणि लहान मुलांसाठी चांगला आहे असं सांगून टाकलं. वॉल्टर जेवण सोडून बाहेर जाऊन हसून आला. सुझाना दोन दिवस फुगून बसली, पण तिसऱ्या दिवशी तिचा त्या पोरीवर जीव जडला तो जडलाच. तोंडावर खरं बोलणारं माणूस तिला घरात पहिल्यांदाच मिळालं होतं. मलर तिला मामी म्हणायची. त्यांच्याकडे सासूला तेच म्हणतात.

मलरच्या माहेराबद्दल सुझानाला ठाऊक होतं ते क्लेटनने सांगितलं तेवढंच. तिकडे देशातल्या देशात वर्षानुवर्षं युद्ध चाललं. शेवटी शेवटी हजारो साधी माणसं दोन बाजूंच्या मध्ये समुद्राकाठच्या वाळूत कोंडली गेली. इथे थांबा, इथे काही होणार नाही, असं ज्या जागेबद्दल सांगितलं होतं तिथेच तोफगोळे पडले. खड्डे खणून लपलेली कुटुंबंच्या कुटुंबं त्याच खड्ड्यांत राहिली. मलरने आपल्या माणसांवर हाताने वाळू ओढली आणि ती चालू लागली. तिच्या घरचं कोणी उरलं नाही, क्लेटन म्हणाला, आणि तू तिला विचारत बसू नकोस. सुझानाने विचारलं नाही. पण रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की मलर डोळे मिटून पुटपुटायची ती चार नावं सुझानाला ऐकून ऐकून पाठ झाली होती. वडील सवरीमुत्तू, आई त्रेसम्मा, बहीण रीटा, भाऊ अंतोन.

दोन नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. सगळं गावठाण फुलं-मेणबत्त्या घेऊन आपापल्या कबरीपाशी उभं राहतं आणि फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत येतात. मलर दरवर्षी सासूच्या मागे, दुसऱ्यांच्या पूर्वजांपुढे मेणबत्ती धरून उभी राहायची. यंदा सुझानाला ते बघवेना. वॉल्टरने आयुष्यभर कारखान्यात नकाशे काढलेले, त्याचं अक्षर सुरेख. आदल्या संध्याकाळी त्याने गुपचूप जाऊन काळ्या ऑइलपेंटने ती चार नावं रंगवली. क्लेटनलाही सांगितलं नाही. तसा तो दुसऱ्या दिवशी कामावरच असणार होता.

तर त्या संध्याकाळी सुझानाने मलरला हाताला धरून पुढे आणलं आणि क्रूसावरचा झेंडूचा हार बाजूला केला. सासू-सासऱ्यांच्या नावांखाली ती चार नावं होती. मलर क्रूसापाशी खाली बसली. वडिलांच्या नावावरून तिने बोट फिरवलं, मग आईच्या, मग रीटाच्या. सुझानाचा हात ओढून तिने तो कपाळाला लावला आणि रडली, तशी सुझानालाही राहवेना. शेजारच्या कबरीपाशी उभी असलेली ग्रेस मान वेळावून बघत होती. बघू दे तिला, असं सुझानाच्या मनात आलं. तिला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग मलरचं बोट चौथ्या नावाशी आलं आणि थांबलं.

"अंतोन नाही, मामी," ती म्हणाली. "अंतोन आहे."

सुझानाला काही कळेना. मलरने तुटक्या मराठीत, अडलं तिथे हिंदी घालून सांगितलं. वाळूतून बाहेर आल्यावर सैनिकांनी मोठे मुलगे वेगळे काढले. अंतोन सोळा वर्षांचा होता. चौकशी करून सोडतो म्हणून त्याला बसमध्ये बसवलं. त्याने खिडकीतून तिला हात केला. ती बस कुठे गेली ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. पुढे तो मेला असं मान्य करून सरकारी कागदावर सही कर म्हणून तिला कितीदा तरी सांगण्यात आलं. तिने ती केली नाही.

"त्या तिघांना मी वाळू दिली," मलर म्हणाली. "त्याला नाही दिली. पाहिल्याशिवाय नाही देणार. तुम्ही दिली, मामी."

आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच सुझानाला भीती वाटली. मलर तिचा हात सोडून उठली आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली, जिथे ती दरवर्षी उभी राहायची तिथेच. इतक्या वर्षांत रोज थोडी थोडी जवळ आलेली पोर आपण एकाच संध्याकाळी गमावली, असं सुझानाला वाटून गेलं. फादर पलीकडच्या रांगेत पोचले होते. त्यांनी या नावावर पाणी शिंपडलं की अंतोन पुरला जाणार होता, आणि पुरणारी सुझाना असणार होती.

वॉल्टर हळूच म्हणाला की आत्ता सगळ्यांसमोर नको, उद्या सकाळी येऊन पुसू. सुझानाने त्याच्या पिशवीत हात घातला. अक्षर कुठे पसरलं तर नीट करायला म्हणून त्याने टर्पेंटाइनची बाटली आणली होती. ज्या गुडघ्यांच्या नावाने ती चर्चमध्येही खाली बसत नसे, ते टेकून ती मातीत बसली, पांढऱ्या साडीचा पदर भिजवला आणि घासायला लागली. रंग अजून पुरता वाळला नव्हता.

ग्रेसने चारचौघांत विचारलंच की बाई, हे काय चाललंय.

"जिवंत पोराला पुरायला निघालेले मी, ग्रेस," सुझाना म्हणाली. "माझी चूक. आता पुसते."

तोवर फादर येऊन उभे राहिले. सुझानाने मान वर केली नाही. एकही अक्षर वाचता येणार नाही इथवर घासलं, नुसता काळा डाग उरला, तेव्हा ती बाजूला झाली. फादरनी पाणी शिंपडलं आणि ते पुढे गेले.

घरी येऊन मलरने भात लावला, कांदा चिरायला घेतला. तेव्हापासून सोळा वर्षांत न परतलेल्या बसचा अर्थ सुझानाला लागत नव्हता असं नाही. पण तो लावणं तिचं काम नव्हतं, एवढं तिला आज कळलं होतं.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवर परदेशातल्या मुलांच्या मसाल्याच्या बाटल्या होत्या. कुवेतला असलेल्या जॉर्डनची एक, कॅनडातल्या टान्याची एक. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. ज्याचा तो घरी येईल तेव्हा घेऊन जाईल. नाहीच आला, तर मे महिन्यात जुना मसाला काढून नवा भरायचा. सुझानाने आपल्या वापरातली शेवटची भरलेली बाटली उतरवली, पदराने पुसली, तिच्यावर कोरी पट्टी चिकटवली आणि पेनासकट मलरपुढे ठेवली.

"तू लिही," ती म्हणाली. "मी लिहिते ते चुकतं."

कांद्याचे हात पुसून मलरने तमिळमध्ये नाव लिहिलं. सुझानाला एक अक्षर वाचता आलं नाही. तिने ती बाटली जॉर्डनच्या आणि टान्याच्या मधे ठेवली आणि तिघींची तोंडं एका रेषेत आणली.

"मामी," मलर मागून म्हणाली, "अंतोन हसेल. हा तिखट नाही."

सुझानाने तिच्याकडे पाठ केलेली होती, आणि डोळे पुसून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"मग मेमध्ये त्याच्या बाटलीपुरत्या मिरच्या तू घाल," ती म्हणाली. "किती ते मला नको सांगूस."