कटिंगवर एक बादली पाणी

मी तेलगावच्या जालिंदरच्या सलूनवरचा फ्लेक्स बोलतोय. जरा भरभर बोलतो, समजून घ्या. माझा जन्म बीडच्या बसस्टँडमागच्या प्रिंटिंगच्या दुकानातला, आणि तिथं हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही. मशीनचा खडखडाट, त्यात 'साहेबांचा फोटो अजून मोठा घ्या' म्हणून आलेली चार पोरं, त्यात ऑपरेटरचा सारखा वाजणारा मोबाईल. माझ्या आधी एका वाढदिवसाच्या शुभेच्छा छापून निघाल्या, माझ्यानंतर एक भावपूर्ण श्रद्धांजली. मधे मी. लाल पट्ट्यावर पिवळी जाड अक्षरं: 'कटिंगवर एक बादली पाणी मोफत'. काय दिसत होतो म्हणून सांगू!

पण मी कशापायी जन्मलो ते आधी सांगायला पाहिजे.

ते साल दुष्काळाचं. दुसरं की तिसरं, मोजायचं लोकांनी सोडून दिलं होतं. माजलगावच्या धरणात गाळ दिसायला लागला होता. साखर कारखान्याचं धुराडं त्या वर्षी पेटलंच नाही, कारण ऊसच नव्हता. धडधाकट माणसं कोयता घेऊन कर्नाटकात तोडीला गेलेली. आणि जालिंदरच्या दुकानातलं बाकडं रिकामं. बाकड्यावर एकटे त्याचे वडील, बद्रीनाथ आबा. आबांनी सगळ्या गावाची डोकी बलुत्यावर केलेली. वर्षभर केस कापायचे आणि सुगीला धान्य घ्यायचं, असा तो जमाना. आता हात थरथरतो म्हणून नुसतं बसायचं.

जालिंदर आणि त्याची बायको केसरबाई, दोघांचं ठरलं होतं. शिमग्यापर्यंत बघायचं. तोवर गिऱ्हाईक परतलं नाही, तर शटर ओढायचं आणि जालिंदरनं पुण्याला जायचं, मावसभाऊ आसारामच्या हाताखाली. केसरबाई आणि आबा इथंच राहणार. म्हणजे घर दोन ठिकाणी फाटणार. आबांचं जेवण कमी झालं होतं.

आसारामनं फोनवर अक्कल शिकवली. म्हणे ऑफर लाव, कटिंगवर दाढी फुकट. जालिंदरनं पुठ्ठ्यावर लिहून लावली. आठवड्यानं केसरबाईनं हिशेब सांगितला. जे येणारच होते तेच आले, आणि गालबी गुळगुळीत करून गेले. नवं माणूस एक नाही. काम दुप्पट, गल्ला तेवढाच.

खरं कारण तिला हापशावर कळलं. बायका नवऱ्यांबद्दल बोलत होत्या. एक म्हणाली, आमच्या ह्यांचं डोकं पाखराचं घरटं झालंय, पण मीच कापू देईना. केस कापून आले की डोक्यावरनं आंघोळ पाहिजे. त्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई, चुलीपशी तर न्हाईच. अन् आंघोळीला पाणी कुठंय?

केसरबाई हंडा तिथंच ठेवून पळत दुकानात आली.

"अवं, लोकाकडं पैसा न्हाई म्हणून न्हाई येत. पाणी न्हाई म्हणून येईनात. आपण पाणी देऊ. केसं कापा, मागं दगडावर आंघोळ करा अन् सवळं होऊन घरी जा."

जालिंदरनं कात्री दोनदा हवेतच वाजवली. मग म्हणाला, पाणी आणायचं कुठून?

दूध सोसायटीतून! सोसायटीचा दुधाचा टँकर धूळ खात उभा होता, कारण जनावरं चारा छावणीत आणि दूध आटलेलं. चेअरमन भगवानरावांची विहीर धरणाच्या अंगाला, तिला अजून पाणी होतं. त्यांनी रोज सकाळी एक फेरी कबूल केली. पण अटी दोन. फ्लेक्सवर त्यांचा हात जोडलेला फोटो पाहिजे, सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. आणि पाण्यावरून भांडण झालं की टँकर बंद.

असा मी ठरलो. जालिंदर बीडला आला तेव्हा त्याच्या कागदावर लांबलचक मजकूर होता: 'कटिंग करा, आंघोळ इथंच करा, पाणी आमचं.' ऑपरेटर म्हणाला, एवढं लिहिलं तर अक्षर बारीक होईल. जालिंदरला मी एसटीतून दिसायला हवा होतो. त्यानं आंघोळ काढून टाकली. राहिली ती बादली. आणि कोपऱ्यात भगवानराव.

इथंच सगळं फसलं, पण तेव्हा आम्हाला कुठं माहीत!

मला दुकानावर ताणून बांधलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत रांग लागली. आख्खं तेलगाव लोटलं म्हणा ना. जालिंदरचा हात दिवसभर थांबला नाही. वाऱ्यावर मी असा फुगत होतो की दोरी तुटायची पाळी. केसरबाईनं मागं फरशी घासून साबणाची वडी मांडली होती. ती वडी संध्याकाळी कोरडीच्या कोरडी. एकानंही आंघोळ केली नाही. माणसं मानेवर टोचणारे केस घेऊन, भरलेली बादली सांभाळत, पाय मोजून टाकल्यासारखी घरी गेली. आणि घरच्यांनी त्यांना तसंच आत घेतलं. चुलीपर्यंत.

केसरबाई त्या वडीकडं बघत म्हणाली, "ही आंघोळ न्हाई वो. ही तहान हाय."

मग रांगेचा रंग बदलला. काल कापून गेलेले आज परत आले. बापांनी तान्ही पोरं खुर्चीत धरली. आश्रुबा म्हणून एक म्हातारा, डोक्यावर औषधालाही केस नाही, तोही येऊन बसला. रांगेतल्या एकानं विचारलं, आजा, तुमचं काय कापायचं? आश्रुबा म्हणाला, "कानातले हायत की चार. त्येलाबी कात्रीच लागती." सगळे हसले, जालिंदरनं कानातले कापले आणि बादली दिली.

पण हसू टिकत नव्हतं. टँकरनं सकाळी भरलेल्या ड्रमातलं पाणी दुपारी तळाला जायचं आणि रांग तशीच उभी. नंबरावरून कुरबूर सुरू झाली की जालिंदरची नजर आधी माझ्याकडं यायची, भगवानरावांच्या फोटोकडं. भांडण झालं की टँकर बंद. माझ्यावर लिहिलेलं तो खोटं पाडू शकत नव्हता, आणि खरंही किती दिवस करणार?

अशाच एका दुपारी मुक्ताबाई आली. साठीची बाई, हातात रिकामी बादली. रांगेत बाईमाणूस एकटंच. लोकांनी वाट दिली, त्यांना वाटलं कुणाला निरोप द्यायला आली असंल. ती सरळ खुर्चीत जाऊन बसली. डोक्यावरचा पदर खाली घेतला. पांढरा आंबाडा सोडला.

"काप, जालिंदरा."

वारा असून मी हललो नाही.

"मावशी, आवं काय हे? उठा."

"कावून उठू? कटिंगवर बादली, असं वर लिवलंय नव्हं? पोरगं गेलंय कर्नाटकाला तोडीला. घरात गडीमाणूस न्हाई. सून बाळंत झालीया, तान्ह्याची बाळुती धुवायला पाणी न्हाई. माझ्या घरात कापायजोगतं एवढंच डोस्कं हाय. काप अन् दे."

मला वाटलं, मी तिथल्या तिथं फाटून जावं. किती मोठ्या अक्षरात ओरडत होतो मी! आणि ज्या घरांतले गडी कोयता घेऊन बाहेर गेले होते, जिथं नुसत्या बायका आणि लेकरं उरली होती, त्यांच्यासाठी माझ्यात एक अक्षर नव्हतं. ठरवताना जालिंदरच्या ध्यानात आलं नाही, केसरबाईच्याही नाही. गिऱ्हाईक म्हणजे गडीमाणूस, एवढंच डोक्यात.

जालिंदरच्या हातातली कात्री उघडीच राहिली. म्हाताऱ्या बाईचे केस उतरवायचे? गावात तोंड कुठं दाखवायचं? आणि न कापता पाणी दिलं, तर उद्या कोण केस कापून घेईल? सगळेच बादली पुढं करतील. ड्रमात तळाला जेमतेम दोन बादल्या. रांगेतल्या पहिल्या दोघांचा त्यावर हक्क. त्यातला दुसरा, एक तरणा गडी, म्हणाला, "आमचा नंबर हाय, जालूशेठ. बाया घुसवू नका."

जालिंदरनं मुक्ताबाईचा पदर हळूच तिच्या डोक्यावर ओढला. म्हणाला, "तुमचे न्हाई कापायचे, मावशी. माझे कापतो. डोस्कं माझं, बादली तुमची." आणि झीरो मशीन उचललं.

आता हे नीट ऐका. आमच्याकडं बाप जिवंत असताना पोरगा डोकं भादरत नाही. डोकं उतरलेलं दिसलं की लोक विचारतात, घरात कोण गेलं? आणि जालिंदरचा बाप तर समोर बाकड्यावर बसलेला. रांगेतनं कुणीतरी म्हणालं, अरं येडा झाला का, आबा हायत. केसरबाई दारात होती, तिनं तोंडाला पदर लावला.

आबा उठले. काठी बाकड्याला टेकवली. पोराच्या हातातलं मशीन काढून घेतलं आणि ठेवून दिलं. मला वाटलं, संपलं. आता शिव्या घालतील. पण त्यांनी फळीवरचा वस्तरा घेतला, नवं पान लावलं.

"बस खाली. ह्ये काम बापानं केलं तर त्येला सुतक म्हणत न्हाईत."

तरणा गडी परत म्हणाला, नंबराचं काय?

"त्यो सकाळधरनं उभा हाय," आबा त्याच्याकडं न बघता म्हणाले. "तुज्या आदीपासनं."

डोकं भिजवायला पाणी वापरलं नाही. कोरडाच वस्तरा. थरथरणारा हात केसांना लागला की थांबायचा, श्वास घ्यायचा, मग सरळ रेघ ओढायचा. दोन ठिकाणी रक्त आलं. जालिंदर डोळे मिटून बसला होता. मुक्ताबाई खालच्या फरशीवर बसून पडणाऱ्या केसांकडं बघत होती. काम झाल्यावर आबांनी फडक्यानं पोराचं डोकं पुसलं आणि म्हणाले, भर तिची बादली.

बादली भरली. मुक्ताबाई गेली. रांगेतल्या पहिल्यानं आपली कटिंग करून घेतली, उरलेली बादली घेतली, पण नजर वर केली नाही. ड्रम पालथा झाला. त्या तरण्या गड्याला काही मिळालं नाही. त्याचंही घर होतं, त्याचीही माणसं तहानलेली, मी त्याला वाईट नाही म्हणणार. पण त्यानं जाता जाता माझी दोरी धरून असा हिसका दिला की मी कोपऱ्यातून टर्रकन फाटलो. तेही कुठं? बरोबर भगवानरावांच्या जोडलेल्या हातांमधून.

नुसतं भांडण झालं असतं तर चेअरमननी कदाचित सोडूनही दिलं असतं. फोटो फाटलेला कसा सोडतील? निवडणूक होती. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जालिंदरनं स्टूलवर चढून मला उतरवलं. घडी घालताना त्याचा तुळतुळीत गोटा माझ्या अगदी जवळ होता, त्यावर दोन खपल्या.

ऑफर संपली. शिमगा चार दिवसांवर. मधल्या काळात कुणीतरी जालिंदरचा फोटो आसारामला पाठवला, तर तो पुण्यातून फोनवर हमसून हमसून रडायला लागला. त्याला वाटलं, आबा गेले. शेवटी आबांनीच फोन घेतला आणि, जित्ता हाय बे मी, म्हणून ठणकावलं.

शिमग्याची ती सकाळ मी खुंटीला टांगलेल्या घडीतून पाहिली. बाकडं रिकामं. केसरबाई झाडून झालेली फरशी परत झाडत होती. ती सारखी म्हणायची, ऑफर चालली का न्हाई ते ऑफर चालू असताना कळत न्हाई. बंद झाल्यावर कोण येतं, ते बघायचं. आता ती घटका आली होती आणि रस्त्यावर नुसती धूळ उडत होती. नऊ वाजले. दहा वाजले. जालिंदरनं पिशवीत दोन शर्ट घातले, परत काढले, परत घातले.

मग दारात सावली पडली. आश्रुबा. हातात झाकण लावलेला तांब्या.

"आज कानातले न्हाईत," तो खुर्चीत बसत म्हणाला. "दाढी कर. पाणी घरनं आणलंय."

जालिंदरनं तांब्याकडं बघितलं. एवढंसं पाणी, कुणाच्या तरी पिण्यातलं काढलेलं. त्यानं त्यातले चार थेंब वापरले, उरलेलं झाकण लावून परत दिलं. आश्रुबाच्या मागं अजून दोघं आले, एकाकडं बाटली, एकाकडं काहीच नाही. आंघोळीचं कुणी विचारलं नाही. दुपारपर्यंत बाकड्यावर बसायला आबांना जागा उरली नाही. गर्दी म्हणावी अशी नव्हती ती. पण केसरबाईनं पिशवीतले शर्ट काढून दोरीवर टाकले, आणि या वेळी ते कुणी परत पिशवीत घातले नाहीत.

मला मात्र दुकानात काम उरलं नव्हतं. जालिंदरनं मला मुक्ताबाईला देऊन टाकलं.

आता मी तिच्या अंगणात चार काठ्यांवर बांधलेला आहे, ऊन अडवायला. फाटलेला कोपरा तिनं सुतळीनं शिवलाय. शाई उडाली, लाल रंग विटून गाजरासारखा झाला. बांधताना तिनं मला उलटं केलं, अक्षरं खालच्या बाजूला. सुनेनं विचारलं तर म्हणाली, रस्त्यानं जाणाऱ्यानं वाचलं अन् बादली घिऊन आला, तर त्येला मी काय देऊ?

तुमच्यापैकी कुणी दुकानासाठी माझ्यासारखा एखादा छापायला बीडला निघाला असाल, तर एवढं करा. आपल्या गल्लीतून एक चक्कर मारा आणि रांगेत उभं राहायला ज्या घरात कुणीच नाही, त्या घराचं दार वाजवा. मग अक्षरं पाहिजे तेवढी मोठी करा.

बरं, थांबतो आता. माझ्याखाली झोळी हलतीय. त्यात सुनेचं ते तान्हं पोरगं उताणं पडून माझ्या पिवळ्या अक्षरांकडं टक लावून बघतंय. आता मला वाचणारं जगात तेवढं एकच माणूस आहे, आणि त्याला अजून वाचता येत नाही.