पिवळ्या पट्ट्या

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. उभा जन्म पोरींना शिवण शिकवण्यात गेला, म्हणून गल्ली तिला तोंडावर शिवणबाई म्हणायची आणि पाठीमागे तोफ. त्या दिवशी तोफ सकाळी सकाळीच उडाली, आणि तीही सुयांवरून.

"माझ्या सुयांना कोण हात लावतं?" तिनं सुनेला विचारलं. "रोज बघावं तर शिवणाच्या उशीत चार-पाच सुया ओवून टोचलेल्या. मी नाही ओवल्या!"

"ओवलेल्या असल्या तर बरंच झालं की, आई," सून म्हणाली आणि भांडी लावत राहिली.

"बरं काय नि वाईट काय, ते मी ठरवेन."

सून गप्प बसली. तिच्या गप्प बसण्यानं शिवणबाईचा तिळपापड व्हायचा. भांडायला समोर कुणी नसलं की राग अंगातच शिजत राहतो.

आणि हल्ली तो फारच शिजत होता. दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध धुरकट डाग धरला होता. कडेकडेचं दिसायचं, पण नेमकं जे बघायला जावं तेच पुसलं जायचं. गुपचूप जाऊन डॉक्टरला दाखवलं, तर तो म्हणाला, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. घरी तिनं चकार शब्द काढला नाही. पोरींच्या शिलाया लांबूनच बघून तिनं सटासट उसवायला लावल्या होत्या. त्या बाईनं आता 'मला दिसत नाही' म्हणायचं? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

जीव अडकला होता तो एका गोधडीत. नमुन्यांची गोधडी, प्रत्येक चौकोन वेगळा. एकात चांदणी, एकात भिंगरी, एकात पायऱ्या. आजवर गोधड्या शिवल्या त्या लेकीला, सुनेला, नातवंडांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना. ही मात्र तिची स्वतःची होती. चौकोन डोळे धड होते तेव्हाच शिवून झाले होते. उरल्या होत्या मधल्या पट्ट्या आणि भोवतीचा काठ. डोळे पुरते विझायच्या आत ती पुरी झालेली तिला बघायची होती, एवढंच.

दुपारी लेक आली. तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान होतं आणि आईचा आवाजही वारशानं मिळाला होता. नणंद-भावजयींनी आपसात ठरवून कापड आणलं होतं. टेबलावर चौकोन मांडले, मधे पट्ट्या ठेवल्या, आणि दोघी तिच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"कशी दिसते?" लेकीनं विचारलं.

शिवणबाईनं वाकून बघितलं. तिला सगळीकडे धुकं दिसलं. पट्टी फिकट राखाडी, काठ त्याहून फिकट. चांदणी कुठं संपते आणि पट्टी कुठं सुरू होते, काही पत्ता लागेना. भिंगरी तर जागेवर नव्हतीच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा काय रंग आहे? चुलीतली राख आणलीत का?"

"अगं, किती शांत दिसतंय!"

"शांत मी मेल्यावर होईन. पिवळ्या पट्ट्या लावा. हळदीसारख्या पिवळ्या. आणि काळा काठ."

लेक हसली. तिनं हसायला नको होतं. "वाघ पांघरणार आहेस का? आई, तूच शिकवलंस ना आम्हाला, पट्टीनं गप्प राहावं, बोलायचं ते चौकोनांनी?"

आपलंच वाक्य असं तोंडावर फेकलेलं तिला मुळीच सोसलं नाही. "शिकवलं ते चुकीचं शिकवलं! माझी गोधडी आहे. तुम्हाला कुणी विचारलं होतं? दोघी मिळून माझ्या डोक्यावर मिरे वाटायला बसलात!"

"आम्ही हौसेनं आणलं आणि तू..."

"तुमची हौस तुमच्या घरी!"

सून ज्या घरात उभी होती तेच तिचं घर होतं. तिचा चेहरा उतरला. शिवणबाईला ते दिसलं नाही, पण मधली शांतता कळली, आणि ओशाळायचं सोडून ती आणखीच चिडली. कापडांच्या गठ्ठ्यात हात घालून तिनं एक तुकडा ओढला आणि टेबलावर आपटला.

"हा घ्या काळा. हाच लावायचा काठाला!"

लेकीनं तो तुकडा उचलून उजेडात धरला.

"आई," लेक म्हणाली, "हा हिरवा आहे."

"तेच म्हणतेय मी."

"तू काळा म्हणालीस."

"काळपट हिरवा! त्यात एवढं काय?"

लेकीनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. आई आपल्याकडे बघत नव्हती, कानाच्या बाजूला कुठंतरी बघत होती. "किती दिवस झाले? डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. त्याच्या हातात काही नाही."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?" आता लेक ओरडत होती, खिडकीच्या काचा हादरतील अशी. "आम्ही काय परके आहोत? आणि वहिनी, तुला माहीत होतं?"

"सांगितलं नव्हतं त्यांनी," सून हळूच म्हणाली. "दोऱ्याचं टोक सुईच्या भलत्याच बाजूला धरून बसलेल्या दिसल्या एकदा. तेव्हापासून मी सुया ओवून ठेवते."

शिवणबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सुयांवरून तिनं सकाळीच सुनेला झापलं होतं. तिला बरं काही बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते भलतंच. "मला कुणाची दया नकोय. मला पिवळ्या पट्ट्या हव्यात."

लेकीनं राखाडी पट्ट्या गोळा केल्या आणि कोपऱ्यात भिरकावल्या. सुनेनं कपाटातून जुन्या पडद्याचं हळदी पिवळं कापड काढलं. लेकीनं कात्री घेतली. डोळे भरलेले, दात आवळलेले, ती जणू कापडावरच सूड उगवत होती. पहिली पट्टी कापून तिनं त्या गडद हिरव्या तुकड्यावर टाकली.

शिवणबाई वाकली. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं, बराच वेळ बघत राहिली.

"वाकडी आहे," ती म्हणाली.

"कुठं?"

"डाव्या टोकाला. चांगली दोन सूत आत गेलीय."

लेकीनं पट्टी उचलली, टेप लावला. खरंच दोन सूत, पाव इंच. टेप तसाच धरून ती आईकडे वळली. "आई, तुला दिसलं?"

"आंधळी आहे का मी?" तोफ कडाडली. "दुसरी काप!"