हसरा चेहरा

आक्काबाईला रक्त बघवत नसे. ती मान फिरवून, डोळे घट्ट मिटून बसली. तिच्या नवऱ्याने, भागुजीने, तिच्या बोटाला सुई टोचली, आलेला थेंब कापसाने टिपून घेतला आणि मग हळूच स्वतःच्या बोटात सुई खुपसून आपलंच रक्त साखर मोजायच्या मशीनच्या पट्टीला लावलं. आठवडाभर त्याने हेच केलं.

बोरी गावच्या बुद्धविहारात एका संस्थेने मधुमेहाच्या पेशंटसाठी कॉम्प्युटर बसवला होता. रविवारी वंदना झाली की घरचं मशीन त्याला वायरने जोडायचं. आठवड्याची साखर बघून तो किती गोळ्या घ्यायच्या ते बाईच्या आवाजात सांगायचा, आणि पडद्यावर एक चेहरा उमटायचा. साखर वाढलेली असली की रडका, सगळ्या वस्तीसमोर. आक्काबाई बिचारी अर्ध्या भाकरीवर उठायची, तरी तिच्या वाट्याला रडकाच. घरी आली की तोंडावर पदर घेऊन पडून राहायची. भागुजीचा जीव तुटायचा. एक रविवार तरी हिला हसू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

"अवो, हासला की!" त्या रविवारी ती लहान पोरीसारखी ओरडली.

गोळ्या आहेत तेवढ्याच चालू ठेवा, कॉम्प्युटर म्हणाला.

पण असली गोष्ट एका रविवारावर थोडीच थांबते! खोटं न बोलण्याचं शील त्याच विहारात म्हणणारा भागुजी पावसाळाभर आपलं बोट टोचत राहिला. चप्पल चावून आक्काबाईचा पाय चिघळला, तेव्हा तीच म्हणाली, "साखर तर चांगली हाय. व्हईल बरा."

पुण्याच्या दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

शुद्धीवर आल्यापासून ती अन्नाला शिवली नव्हती. भागुजी पेजेची वाटी घेऊन खाटेजवळ बसला.

"अवो, एक सांगायचंय. रागवू नका."

"बोल की."

"पावसाळ्यात, वर्षावासाला, विहारात खीर वाटली ना, तवा मी दोन वाट्या खाल्ल्या. तुमाला बोलले नाय. तुमी मला लई जपलं, अन् मीच माझा पाय घालवला."

भागुजीने सुईचं खरं सांगायला तोंड उघडलं. चमच्यातली पेज चादरीवर सांडली.

"माफ केलं म्हणा. तवाच खाईन."

ती त्याच्याकडे बघत राहिली. दोन दिवसांची उपाशी, ओठ सुकलेले.

"केलं माफ," भागुजी म्हणाला.

तिने आ केला.