तासाला एक किंकाळी

"काका, पान चौतीसवर मेलेली दासी पान एकाहत्तरवर चहा कशी करते?"

हा प्रश्न मी लेखकाच्या तोंडावर विचारून दाखवावा, अशी पैज वर्गातल्या अंजनीने लावली होती. विचारला तर वर्षभराचे भूगोलाचे नकाशे ती रंगवून देणार. नाही विचारला तर अख्ख्या नववी अ समोर मी कबूल करायचं, की पद्मजा टिपणीस फुसकी आहे. सहामाहीत मराठीत पहिली आल्यापासून आणि वक्तृत्वाचा कप आणल्यापासून मी फुसकी उरले नव्हते, आणि हे अजून काही जणींना कळायचं होतं.

काका म्हणजे आमच्या वर्गातल्या चिमीचे चुलते, हरिचंद्रकाका. घर बेलवलीला, नोकरी जांभूळच्या वॉटर वर्क्सवर पंप ऑपरेटरची. आणि चिमीने गळ्याची शपथ घालून सांगितलेलं गुपित असं, की 'रुद्रकेतू' तो हाच. रुद्रकेतूने सहा महिन्यांत चार कादंबऱ्या लिहिल्या होत्या. चारींच्या मुखपृष्ठावर कवटी आणि घाबरलेली बाई. बाईचे केस उडतायत. बाई तळघरात, खिडकी नाही, वारा नाही, तरी केस उडतायत. छापणारा उल्हासनगर कॅम्प तीनमधला टेकचंद शेठ, जो लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि भुतं एकाच मशीनवर काढतो.

मी चारही वाचल्या होत्या, त्यामुळे नावं ठेवायचा हक्क मला पुरेपूर होता. बाकीच्या बायका वाचून पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि विचारलं तर 'छे, पेशंटला द्यायला आणलंय' म्हणतात.

चिमी मला बेलवलीला घेऊन गेली, आणि ओटीवर बसलेला माणूस बघून माझी पहिली निराशा झाली. मला निदान दाढी अपेक्षित होती. हा खाकी पँट घालून शेंगा सोलत होता. पैजेचा प्रश्न मी तरी विचारलाच.

"मेली व्हती काय ती?" काकांनी विचारलं. अगदी मनापासून. "कोनी मारली?"

"तुम्हीच. मांत्रिकाने तिला कुंडात ढकललं."

"आरं तिच्या."

"आणि राजवाड्यात चहा कुठून आला? ती राजा विक्रमकेतूच्या काळातली गोष्ट आहे."

आतून सगुणाकाकूंचा हसण्याचा आवाज आला. "बरं झालं गो बाय, कोनीतरी इचारलं. मी म्हनतंय, तर मना बोलतान, तुला काय समजतंय."

काका रागावतील असं वाटलं होतं. ते उठून आत गेले आणि कोऱ्या रीडिंग-शीटांचा गठ्ठा घेऊन आले. पंपावर दर तासाला मीटरचं रीडिंग घ्यावं लागतं. एक रीडिंग झालं की बसायचं आणि लिहायचं. पुढच्या रीडिंगची वेळ झाली की उठायचं. एका तासात एक प्रकरण. म्हणून रुद्रकेतूचं प्रत्येक प्रकरण किंकाळीवर संपतं. मला वाटायचं ती रहस्यकथेची युक्ती आहे. ती नोकरीची अट निघाली.

"मग मागचं वाचून बघत नाही?"

"मागचं असतंय कुठं? ड्यूटी सुटली का कागद टेकचंदच्या मानसाकडं. तो लगेच टाइप लावतो. माझ्याकडं काय र्‍हातंय? डोक्यात राहील तेवढं."

"म्हणजे कोण जिवंत, कोण मेलेलं, तुम्हाला ठाऊकच नसतं."

"शेठ पन तेच बोलतो," काका म्हणाले. "बोलला, हरी, अगली बार मुर्दा चाय बनाएगा तो रुद्रकेतू किसी और को बना दूँगा."

त्यांनी ते हसत सांगितलं, पण शेंग सोलायची थांबवून. मला तेव्हा एकच गोष्ट दिसली, की हा माणूस लेखक असेल तर मी महालेखिका आहे. तसं मी बोलूनही टाकलं.

"तुमच्यापेक्षा चांगलं मी लिहीन, काका."

चिमीने मला कोपर मारलं. काकांनी गठ्ठ्यातली एक शीट माझ्याकडे सरकवली. "लिव की मग. पाचवं पुस्तक चालू हाय. नववं परकरन तुझं."

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं की मी लेखिका होणार. बाबा अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत ऑफिसर आहेत आणि घरातही प्रत्येक वस्तू तपासून पास किंवा रिजेक्ट करतात. त्यांनी माझ्याजवळची रुद्रकेतूची 'कवटीकुंडाची राणी' दोन बोटांत धरून उचलली, मेलेलं झुरळ उचलावं तशी.

"हे माणसं वाचतात?"

"वाचतात. म्हणून तर कोणीतरी चांगलं लिहायला हवं."

"आधी दहावी," बाबा म्हणाले. "मेच्या सुट्टीत गणिताचा क्लास लावायचाय तुला. लेखिका वगैरे नंतर." आई म्हणाली, "अगं, निबंध चांगले लिहितेस ते वेगळं." ते वेगळं नाहीच, हे मी दोघांना पुस्तक छापून आलं की दाखवणार होते. वर्गात तर मी सांगूनच टाकलं: माझं प्रकरण कुठलं ते तुम्ही न सांगता ओळखाल, कोळशाच्या गाडीत हिरा ओळखावा तसं. न ओळखलंत तर मी जन्मात पेन हातात धरणार नाही.

मी चार दिवस लिहिलं. शब्दकोश शेजारी ठेवून. 'अस्ताचली विलीन होणाऱ्या रविबिंबाच्या आरक्त आभेत' अशी सुरुवात केली आणि त्या आभेत राजकन्येला पान-दीड पान उभी ठेवली. वाड्याचं वर्णन केलं, दीपमाळेचं केलं, भूत आलं ते शेवटच्या परिच्छेदात आणि तेही शुद्ध मराठी बोलणारं. एकही मेलेला माणूस जिवंत झाला नाही. मी तर काकांना आठवेल तेवढं विचारून पाचव्या पुस्तकातल्या मेलेल्यांची एक वहीच केली होती, कोण कुठल्या प्रकरणात आणि कशाने, आणि ती काकांना नेऊन दिली. त्यांनी ती देवाच्या पोथीसारखी दोन्ही हातांनी घेतली. माझी पानं मात्र न वाचताच गठ्ठ्यात घातली. "टेकचंदचा मानूस खोळंबलाय," एवढंच बोलले. अडाणी माणूस, मी मनात म्हटलं.

'डोहातली दिवटी' ही पाचवी कादंबरी मार्चमध्ये आली. पहिली आवृत्ती, १९८८, असं आत छापलेलं, जणू दुसरी निघणार आहे. मी पुस्तक अंजनीला दिलं आणि दोन दिवस तिच्या तोंडाकडे बघत काढले.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती डबा न उघडताच माझ्यापाशी आली.

"पद्मे, सॉरी. मी तुला शायनर समजत होते. पण पाचवं प्रकरण, बापरे. ती बाई डोहात घागर सोडते, आणि दोर वर ओढते तर घागर बुडवली त्याहून हलकी. आत पाणी नाही, काही नाही, आणि तरी आतून कोणीतरी दोर धरलेला. मी काल मोरीत एकटी गेले नाही. आईला दाराबाहेर उभी केली."

पाचवं प्रकरण काकांचं होतं.

"आणि नववं?" मी विचारलं.

"कुठलं, ते सूर्यास्ताचं? ते काकांनी झोपेत लिहिलंय. मी चार पानं उलटली. भूत व्याकरणाच्या बाईंसारखं बोलतं."

आजूबाजूच्या सहा-सात जणींनी माना डोलावल्या. त्यांनीही पानं उलटली होती. चिमी माझ्याकडे बघत होती, कुठलं प्रकरण कोणाच्या हातचं ते तिला माहीत होतं. आणि मी, मराठीत पहिली आलेली, वक्तृत्वाच्या कपाची मालकीण, म्हणाले, "हो. पाचवं माझं."

 चिमीने डबा झाकला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मुखपृष्ठावरच्या सगळ्या बायका मला एकदम समजूतदार वाटल्या. खोट्या वाऱ्यात त्यांचे फक्त केस उडत होते, मी अख्खी उडाले होते.

शाळा सुटल्यावर मी सरळ बेलवलीला गेले. काका नुकतेच ड्यूटीवरून आले होते, पाय धूत होते.

"ते पाचवं कसं लिहिलंत?"

"कुठलं पाचवं?"

"डोहाचं. घागर."

"हां." त्यांनी पाय पुसले. "त्या दिवशी टाकीतली पातळी बघाया दोर सोडला व्हता. वर वडला तर वाटलं कोनीतरी धरलाय. गाळात अडकला असंल. पन जाम भ्यालो मी. रीडिंग लिवलं आनि तसाच बसलो लिवाया."

"भाषा अगदी भिकार आहे त्यात. 'भयानक' हा शब्द अकरा वेळा आहे."

"असंल."

"आणि माझं कोणी वाचलंच नाही."

काका खो खो हसतील तर बरं, असं मला वाटत होतं. म्हणजे मला रागावता आलं असतं. ते म्हणाले, "तू चार दिस लिवलंस गो. चार दिवसांत भूत पन कंटालतंय. आनि खरं सांग, त्या वाड्याला तू भ्यालीस का?"

मी भ्याले नव्हते. त्या चार दिवसांत मला एकाच गोष्टीची भीती वाटली होती, ऱ्हस्वदीर्घाची.

"तुझी वही चांगली हाय," ते म्हणाले. "शेठ खूश. एक पन मुडदा उठला नाय. अजून सहा पुस्तकं बोलला."

घरी आले तर बाबा टेबलावर क्लासचा फॉर्म भरत होते. नाव, इयत्ता, आणि 'विद्यार्थ्याचे ध्येय' या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात 'इंजिनिअर' लिहिलं होतं. आई भाजी निवडत होती. मी दप्तर खाली ठेवलं नाही, ठेवलं असतं तर धीर गेला असता.

"बाबा, तो फॉर्म पुरा करू नका. दुपारचा क्लास मी करणार नाही, गणित सकाळी घरीच करीन. सुट्टीभर दुपारी मी चिमीच्या काकांच्या ओटीवर बसून लिहिणार आहे, घड्याळ लावून, तासात एक प्रकरण, न खोडता. ते फार वाईट लिहितात आणि मी त्यांच्याहूनही वाईट लिहिते, म्हणून. आणि आई, उद्या मी वर्गात उभी राहून सांगणार आहे की पाचवं प्रकरण माझं नव्हतं, तेव्हा शाळेतून काही कानावर आलं तर ते खरं आहे असं समज."